भुतांची वही

बालमित्रांनो, अगदी खरं सांगा हं! रात्री लाईट गेली आणि आई म्हणाली, "जा रे, परसातली बादली घेऊन ये," तर तुमच्या पोटात गोळा येतो की नाही? येतो ना? आणि तरीही मामा-मावशी आले, अंगणात अंथरुणं पडली, की "भुताची गोष्ट सांगा, भुताची!" असा हट्ट कोण धरतं? तुम्हीच!

मी परभणी जिल्ह्यात, गंगाखेड तालुक्यातल्या एका छोट्या शाळेत शिकवतो. गाव गोदावरीच्या काठाला. आमच्याकडे नदीला गोदावरी म्हणतात ते फक्त भूगोलाच्या तासाला. एरवी ती ‘गंगा’च. म्हणून तर गंगाखेड! गावात एक जुनी पडकी गढी आहे, एक भलामोठा पिंपळ आहे, नदीला खोल डोह आहे. आता एवढं सगळं असल्यावर भुतांना तोटा कशाला?

पण आज मी तुम्हाला भीती दाखवायला बसलेलो नाही. माझ्या हातून झालेली एक चूक सांगायची आहे. आणि त्या चुकीतून आमच्या वर्गाची ‘भुतांची वही’ कशी तयार झाली, तेही सांगायचं आहे.

पावसाळ्यातला एक दिवस

श्रावणातला दिवस होता. पाऊस पत्र्यावर असा धो धो वाजत होता, की गणित शिकवणं शक्यच नव्हतं. लाईट गेलेली. चौथीची पोरं माझ्याभोवती कोंडाळं करून बसली. "सर, भुताची सांगा ना!"

मी सांगितली. हडळीची. लहानपणी ऐकली होती तशीच. पण जरा तिखट-मीठ लावून. हडळ एका मुलीच्या अंगात शिरते. मग त्या मुलीचे डोळे पांढरे होतात, हातपाय ताठ होतात, तोंडाला फेस येतो... पोरं एकमेकांना चिकटून बसली. मला मोठी गंमत वाटली.

महिन्याभरानं वर्गातली एक मुलगी पाढे म्हणता म्हणता खाली पडली. डोळे फिरले, हातपाय ताठ झाले, तोंडाला फेस आला. आणि वर्ग ओरडत बाहेर पळाला. "सर, हडळ! हडळ आली!"

तिला आली होती फिट. म्हणजे मिरगी. पण दुसऱ्या दिवशी तिच्या शेजारची जागा रिकामी. मागची रिकामी. पुढचीही रिकामी. सतरंजीच्या मधोमध ती एकटी. तिसऱ्या दिवसापासून ती शाळेत यायचीच बंद झाली.

मी तिच्या घरी गेलो. कुणी सांगत होतं देवऋषाकडं न्या, कुणी म्हणत होतं बाहेरची बाधा आहे. तिची आई रडत होती. मी म्हणालो, "ताई, आधी दवाखान्यात जाऊ." सरकारी दवाखान्यात डॉक्टरांनी तपासलं, गोळ्या सुरू केल्या, रोज न चुकता द्यायला सांगितल्या. काही दिवसांनी ती शाळेत परत आली. पण शेजारची जागा रिकामीच राहिली! गोळीनं फिट थांबली. माझी गोष्ट मात्र पोरांच्या डोक्यातून जाईना.

मग मी ठरवलं, भुताच्या गोष्टी बंद. एकदम बंद.

झालं काय? वर्गात बंद झाल्या आणि मैदानावर वाढल्या! कुजबूज, खाणाखुणा, "तिच्या पाठीमागून जाऊ नको" असले सल्ले. शेवटी एका पोराची आजी शाळेत आली होती, तिच्याजवळ मी मन मोकळं केलं. ती पदर सावरत म्हणाली, "गुरुजी, गोष्ट अर्धीच सोडली की भूत गावात हिंडतंय. पुरी करा की गोष्ट! मग ते गोष्टीतच बसतंय."

मी घरी आलो, आणि जुनी पुस्तकं काढून बसलो.

मोदकांचा घोटाळा

मुलांनो, भुतांच्या गोष्टींचा एक मोठा जुना साठा आपल्याच नदीशी जोडलेला आहे, हे तुम्हाला ठाऊक आहे का? आमच्या गावावरून वाहणारं गंगेचं पाणी आधी पैठणवरून येतं. पैठण म्हणजे जुनं प्रतिष्ठान, सातवाहन राजांची राजधानी. तिथल्या दरबारात गुणाढ्य नावाचा पंडित होता, अशी कथा आहे.

एकदा राजा राण्यांबरोबर तलावात खेळत होता. एकमेकांच्या अंगावर पाणी उडवणं चाललं होतं. एक राणी दमली. ती संस्कृतात म्हणाली, पाण्यानं मारू नका. ‘मा’ म्हणजे नको, ‘उदकैः’ म्हणजे पाण्यानं. दोन्ही मिळून संधी झाला ‘मोदकैः’. राजाला संधी कुठला कळतो! त्यानं ऐकलं ‘मोदकांनी मारा’. आणि त्यानं लगेच ताटं भरून मोदक मागवले!

राणी हसली, राजा शरमला. आता संस्कृत शिकायचंच, असा त्यानं निश्चय केला. गुणाढ्य म्हणाला, "सहा वर्षांत शिकवतो." दुसरा पंडित शर्ववर्मा म्हणाला, "मी सहा महिन्यांत!" गुणाढ्याला ते अशक्य वाटलं. त्यानं पैज लावली. तू जिंकलास तर मी संस्कृत, प्राकृत आणि देशी, या तिन्ही भाषा सोडून देईन. आणि शर्ववर्मा जिंकला!

बिचारा गुणाढ्य. बोलायला भाषाच उरली नाही. तो विंध्याच्या जंगलात गेला. तिथं पिशाच्चांची भाषा त्याच्या कानावर पडली. ती तो शिकला, आणि त्या पैशाची भाषेत त्यानं सात वर्षं बसून सात लाख श्लोकांची कथा लिहिली. रानात शाई नव्हती, म्हणून स्वतःच्या रक्तानं! शिष्यांनी ती पोथी राजाकडे नेली. राजानं नाक मुरडलं. पिशाच्चांची भाषा, आणि वर रक्तानं लिहिलेली!

गुणाढ्याला फार वाईट वाटलं. त्यानं जंगलात अग्नी पेटवला. एकेक पान मोठ्यानं वाचायचं आणि अग्नीत टाकायचं. रानातली हरणं, डुकरं, पाखरं भोवती जमली. डोळ्यांत पाणी आणून ऐकू लागली. चरायचंसुद्धा विसरली. इकडे राजाच्या ताटात सुकलेलं मांस येऊ लागलं. चौकशी केली तेव्हा शिकारी म्हणाले, जनावरं गोष्ट ऐकत उपाशी उभी आहेत! राजा धावत रानात गेला. तोवर सहा लाख श्लोक जळून गेले होते. एक लाख उरले. तीच ‘बृहत्कथा’.

ही अर्थात दंतकथा आहे. ‘पैशाची’ ही एक जुनी प्राकृत भाषाच, असं भाषेचे अभ्यासक मानतात. मूळ बृहत्कथा आज मिळत नाही. पण तिच्या आधारानं अकराव्या शतकात काश्मीरमध्ये सोमदेव नावाच्या कवीनं राणी सूर्यवतीसाठी ‘कथासरित्सागर’ लिहिला. कथांच्या नद्या जिथं मिळतात तो सागर! केवढं छान नाव, नाही?

मला मात्र त्या राजाचा विचार सुटेना. भाषा गावंढळ वाटली म्हणून त्यानं पोथी परत पाठवली. आपणही तसंच करत नाही का? आजी तिच्या बोलीत सांगू लागली, की "काय जुनंपुराणं लावलंय," म्हणून टीव्ही मोठा करतो. कुठं कुणी जाळत नाही. पण गोष्टी मात्र एकेक करून जातातच.

खांद्यावरचा वेताळ

याच कथासरित्सागरात एक ओळखीची जोडी भेटते. विक्रम आणि वेताळ! ‘चांदोबा’ मासिकात ती तुमच्या आईबाबांनी वाचली असेल. १९८५ साली दूरदर्शनवर ‘विक्रम और बेताल’ ही मालिका लागायची, तेव्हा गल्लीतली सगळी मुलं एका टीव्हीसमोर बसायची. मराठीत तर सदाशिव काशिनाथ छत्रे यांनी १८३० सालीच ‘वेताळपंचविशी’ आणली होती. मराठीत छापलेली पुस्तकं तेव्हा अगदी मोजकी होती. त्यांत भुतानं सांगितलेल्या गोष्टींचं हे एक!

आता गंमत ऐका. विक्रम म्हटलं की आपल्याला उज्जैन आठवतं. पण सोमदेवाच्या कथेतला राजा आहे त्रिविक्रमसेन, आणि त्याचं गाव आहे गोदावरीकाठचं प्रतिष्ठान. म्हणजे आपलं पैठण!

या राजाला एक भिक्षू रोज एक फळ आणून द्यायचा. राजा ते खजिनदाराकडे द्यायचा, खजिनदार ते खिडकीतून भांडारात टाकायचा. एक दिवस ते फळ एका माकडानं फोडलं, तर आत रत्न! भांडार उघडलं, तर रत्नांचा ढीग! राजानं भिक्षूला विचारलं, तुला हवंय तरी काय? तो म्हणाला, अमावास्येच्या आदल्या रात्री स्मशानात ये. तिथल्या झाडाला लोंबकळणारं प्रेत मला आणून दे.

त्या प्रेतात वेताळ होता. राजानं त्याला खांद्यावर घेतलं की वेताळ गोष्ट सांगायचा आणि शेवटी प्रश्न विचारायचा. उत्तर ठाऊक असून गप्प राहिलास, तर तुझ्या डोक्याची शकलं होतील! राजा उत्तर द्यायचा, आणि राजा बोलला की वेताळ पुन्हा झाडावर. राजा पुन्हा मागे फिरायचा.

यातली एक गोष्ट मला त्या रात्री फार लागली. चार भाऊ वेगवेगळ्या विद्या शिकून येतात. रानात त्यांना एक हाड सापडतं. पहिला म्हणतो, मी यावर मांस चढवतो. दुसरा कातडी आणि केस चढवतो. तिसरा बाकीचे अवयव पुरे करतो. चौथा त्यात प्राण घालतो. तो निघतो सिंह! तो उठतो आणि चौघांना खाऊन टाकतो. वेताळ विचारतो, दोष कुणाचा?

तुम्ही काय म्हणाल? जरा थांबा, विचार करा.

राजा म्हणाला, दोष चौथ्याचा. बाकीच्यांना पुढे कोणतं जनावर होणार ते माहीत नव्हतं. चौथ्याला मात्र समोर सिंह दिसत होता. तरीही त्यानं प्राण घातला.

मी पुस्तक मिटलं. हडळीची गोष्ट माझी नव्हती. ती आजीची, पणजीची. पण वर्गात कोणकोण बसलंय ते मला दिसत होतं. ताठ होणारे हातपाय, पांढरे डोळे, फेस, हे मी माझ्या पदरचं घातलं होतं. सिंहात जीव घालणारा चौथा भाऊ मीच होतो!

पण पुढे वाचलं आणि बरं वाटलं. शेवटी वेताळ राजावर प्रसन्न होतो, भिक्षूचा कपटी डाव सांगून त्याचा जीव वाचवतो आणि वर माग म्हणतो. राजा काय मागतो? राज्य नाही, सोनं नाही. या गोष्टी जगात सगळीकडे सांगितल्या जाव्यात, एवढंच. वेताळ म्हणतो तथास्तु, आणि वर सांगतो की जिथं या गोष्टी सांगितल्या जातील तिथं यक्ष, वेताळ, राक्षस यांचं काही चालणार नाही.

पाहिलंत? भुताच्या गोष्टीवरचा उपाय म्हणजे पुरी सांगितलेली गोष्ट! आमच्या गावच्या आजीनं तेच तर सांगितलं होतं.

काकवी घ्यायला येणारी बाई

दुसऱ्या दिवशी मी वर्गात म्हणालो, "आज भुताची गोष्ट." पोरं सरसावून बसली. ती मुलगीही होती, आपल्या रिकाम्या जागेच्या मधोमध. मी गोष्ट निवडली जपानची.

जपानमध्ये लाफकादियो हर्न नावाचा एक शिक्षक होता. आई ग्रीक, वडील आयरिश. सोळाव्या वर्षी एक डोळा गेलेला. १८९० साली तो जपानला गेला आणि मात्सुए गावात शाळामास्तर झाला. सेत्सु नावाच्या जपानी बाईशी त्यानं लग्न केलं. पुढे त्यानं कोइझुमी याकुमो हे जपानी नावही घेतलं. रात्री दिव्याची वात बारीक करून सेत्सुबाई त्याला भुतांच्या गोष्टी सांगायच्या. त्या पुस्तकात बघून सांगू लागल्या की त्याला चालायचं नाही. पुस्तक नको, तुझ्या शब्दांत सांग, असा त्याचा हट्ट! अशाच गोष्टींतून १९०४ साली त्याचं ‘क्वायदान’ हे पुस्तक निघालं. क्वायदान म्हणजे अद्भुत, भीतिदायक गोष्टी. जगभरातले लोक ते आजही वाचतात. बायकोच्या तोंडून ऐकलेल्या गोष्टी, बरं का!

त्याच्या १८९४ सालच्या एका पुस्तकात मात्सुएमधली ही कथा आहे. एका दुकानात काकवीसारखा गोड पाक मिळायचा. रोज रात्री उशिरा पांढऱ्या कपड्यांतली एक फिकट बाई यायची. थोडासा पाक घ्यायची, निघून जायची. विचारलं तर बोलायची नाही. एकदा दुकानदार तिच्या मागे गेला. ती स्मशानात शिरली. तो घाबरून परत आला. दुसऱ्या रात्री ती आली ती पाक घ्यायला नाही. हातानं ‘या’ म्हणून खुणावत राहिली. दुकानदार चार मित्र घेऊन गेला. एका थडग्याशी ती दिसेनाशी झाली. आणि जमिनीखालून बाळाचं रडणं ऐकू आलं! थडगं उघडलं. आत मेलेली आई, शेजारी जिवंत बाळ. कंदील पाहून ते हसत होतं. जवळ पाकाची इवलीशी वाटी.

वर्ग चिडीचूप. मग त्या मुलीनंच विचारलं, "सर, म्हणजे ते भूत वाईट नव्हतं?"

"नव्हतं बाळा. ती आई होती."

आणि मग मी आपल्या हडळीची गोष्ट पुरी केली. हडळ कोण? बाळंतपणात गेलेली बाई, अशी जुनी समजूत आहे. तेव्हा गावोगाव दवाखाने नव्हते. कितीतरी बायका बाळंतपणात जायच्या. गावाला त्याचं दुःख व्हायचं, भीतीही वाटायची. त्या दुःखाचीच हडळ झाली. तिचे पाय उलटे, कारण तिचं मन मागं घराकडं ओढतं, असं मी मुलांना सांगितलं. हे कुठल्या पुस्तकातलं नाही, माझंच. पण पोरांना पटलं. नंतर मी फिट म्हणजे काय तेही सांगितलं. मेंदूत विजेसारखे बारीक संदेश सारखे धावत असतात. त्यांचा कधी एकदम गोंधळ उडतो, तेव्हा हातपाय आवळले जातात. थोड्या वेळानं माणूस शुद्धीवर येतो. तो संसर्ग नाही. शेजारी बसून होत नाही.

मधल्या सुट्टीनंतर बघतो तर दोन मुली आपली दप्तरं उचलून तिच्या शेजारी येऊन बसल्या होत्या. मी काहीच बोललो नाही. पाढे पुढे सुरू केले.

भुतांच्या नोकऱ्या

मग पोरांना नादच लागला. घरोघरी आजीआजोबांना विचारायचं आणि वहीत लिहायचं. आम्ही एक नियम केला. प्रत्येक गोष्टीखाली लिहायचं, ‘या भुताची नोकरी काय?’ म्हणजे ते भूत कशाची राखण करतं?

डोहात आसरा राहतात, एकट्यानं उतरलं की ओढून नेतात. नोकरी: पोरांना खोल पाण्यापासून लांब ठेवणं. आमच्या डोहात मोठी माणसंसुद्धा दगावली आहेत, तेव्हा ही नोकरी फार महत्त्वाची!

पिंपळावर मुंजा असतो. मुंज झाली, पण सोडमुंज व्हायच्या आत गेला तो मुलगा. नोकरी: रात्री झाडावर चढू न देणं आणि जुनं झाड तोडू न देणं. पिंपळाच्या पानाचा देठ लांब असतो. दुसरी झाडं गप्प असतात तेव्हाही जराशा झुळकीनं पिंपळ सळसळतो. रात्री ऐकणाऱ्याला वाटतं, वर कुणीतरी आहे!

माळावर चकवा लागतो. माणूस रात्रभर चालतो आणि पहाटे पुन्हा त्याच बाभळीपाशी येतो. नोकरी: अंधारात अनोळखी वाटेनं न जाणं. आणि चकव्यात तथ्य आहे हं! २००९ साली जर्मनीतल्या शास्त्रज्ञांनी माणसांना जंगलात आणि सहारा वाळवंटात सरळ चालायला सांगितलं. सूर्य किंवा चंद्र दिसत होता तोवर ती नीट चालली. तो दिसेनासा झाल्यावर मात्र वळत वळत गेली आणि स्वतःचीच वाट ओलांडून पुढे गेली. त्यांना वाटत होतं, आपण सरळच चाललोय! डोळे बांधलेली माणसं तर छोट्या छोट्या गोलात फिरली.

गढीत पांढरं काहीतरी उडतं आणि किंचाळतं. हे भूत आम्ही दिवसा जाऊन पाहिलं. गव्हाणी घुबड! बदामाच्या आकाराचं पांढरं तोंड, पंखांचा आवाज नाही, आणि ओरडणं असं की छातीत धस्स व्हावं. नोकरी: शेतातले उंदीर खाणं. पगार शून्य!

पोरांचं एक वाक्य मला फार आवडलं. एकानं लिहिलं होतं, "भूत म्हणजे आजीनं ठेवलेला वॉचमन."

गोष्टीबाहेरचं भूत

आता दोन शब्द मोठ्यांसाठी. आईबाबांनो, भुताच्या गोष्टींना घाबरू नका. पण गोष्टीतलं भूत उचलून शेजारच्या जिवंत माणसावर ठेवलं, की घात होतो. कुणाच्या लेकराला फिट येते, कुणी बाई एकटी राहते, कुणाचं मन आजारी असतं. त्यांना ‘झपाटलंय’ म्हटलं की त्यांची जागा रिकामी पडते, आणि औषधाची वेळ टळून जाते.

महाराष्ट्रात यासाठी २०१३ सालापासून जादूटोणाविरोधी कायदा आहे. डॉ. नरेंद्र दाभोलकरांनी त्यासाठी अनेक वर्षं खपून काम केलं. २० ऑगस्ट २०१३ रोजी पुण्यात त्यांची हत्या झाली आणि त्याच वर्षी कायदा झाला. भूत उतरवण्याच्या नावाखाली माणसाला मारणं, बांधून ठेवणं, मिरचीची धुरी देणं हा या कायद्यानं गुन्हा आहे. साप, विंचू किंवा कुत्रा चावलेल्या माणसाला दवाखान्यात जाऊ न देता मंत्र-गंडे करणं हाही गुन्हा आहे. या कायद्यानं भुताच्या गोष्टींवर बंदी आणलेली नाही, बरं का. बंदी आहे ती माणसाला छळण्यावर.

आणि मुलांनो, तुमच्यासमोर कुणाला फिट आली तर पळू नका. चप्पल किंवा कांदा हुंगवू नका. तोंडात चमचा, बोट काहीही घालू नका. हातपाय दाबून धरू नका. आजूबाजूचे दगड-विटा बाजूला करा, डोक्याखाली मऊ काहीतरी ठेवा, कुशीवर वळवा आणि मोठ्या माणसाला हाक मारा. पाच मिनिटांत थांबली नाही, तर लगेच १०८ नंबरची रुग्णवाहिका बोलवा. आमच्या चौथीच्या पोरांना हे आता पाढ्यासारखं पाठ आहे.

तुमची वही

आमच्या वहीत चोवीस गोष्टी झाल्या. पंचविसावी त्या मुलीनं लिहिली. मुंज्याची आहे. मुंजा पिंपळावर एकटा बसून कंटाळतो, म्हणून रोज रात्री शाळेच्या खिडकीतून फळ्यावरचे पाढे पाठ करतो. नोकरीच्या जागी तिनं लिहिलंय, ‘शेजारी बसायला कुणीतरी शोधणे.’

तुम्हीही अशी वही करा. शंभर पानी पुरेल. चार गोष्टी लिहायच्या: गोष्ट कुणी सांगितली, भूत राहतं कुठं, गोष्ट (सांगणाऱ्याच्याच शब्दांत, आजी ‘लई’ म्हणाली तर ‘लई’च लिहायचं), आणि भुताची नोकरी. एकच पथ्य पाळा. गावातल्या कुठल्याही माणसाचं किंवा घराचं नाव भुताला द्यायचं नाही. आणि जरा घाई करा. ज्या आजीनं मला ‘गोष्ट पुरी करा’ म्हणून सांगितलं, तिच्या वहीत चारच गोष्टी उतरल्या. पाचवी विचारायला गेलो, तेव्हा ती राहिली नव्हती.

जाता जाता वेताळाचा तो प्रश्न, ज्याचं उत्तर राजालाही आलं नाही. एक राजा आणि त्याचा मुलगा रानातून जात होते. वाटेत दोन बायकांची पावलं उमटलेली दिसली, एक मोठी, एक लहान. त्यांनी ठरवलं, मोठ्या पावलांची असेल तिच्याशी वडिलांनी लग्न करायचं, लहान पावलांची असेल तिच्याशी मुलानं. गाठल्यावर कळलं, त्या मायलेकी आहेत. पण मोठी पावलं लेकीची आणि लहान पावलं आईची! दिलेला शब्द पाळला. लेक झाली वडिलांची बायको, आणि आई झाली मुलाची. पुढे दोघींनाही मुलं झाली. सांगा बरं, त्या मुलांचं एकमेकांशी नातं काय?

राजा गप्प बसला, म्हणून वेताळ शेवटी खांद्यावर राहिला. तुम्ही मात्र गप्प बसू नका! कागद घ्या, घरातल्या सगळ्यांना भोवती बसवा, आणि सोडवा. लाईट गेली असेल तर फारच उत्तम!